गुलाबी रणगाड्यावरचा पहारा

भाऊजी,

दवाखान्यात त्या दुपारी तुम्ही उशीवर मान वळवलीत आणि म्हणालात, "वहिनी, कपाटातला तो मधला रणगाडा आहे ना, त्याच्याबद्दल तुम्हाला एक सांगायचंय." मी मोसंबी सोलत होते, ती अर्धीच राहिली. तुम्ही माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलंत, मिशीत हसलात आणि म्हणालात, "जाऊ द्या. चाललंय ते बरं चाललंय." मग तुमच्या बहिणीच्या, मंदाताईंच्या द्राक्षबागेची छाटणी झाली का, म्हणून विचारलंत. मीही सुटका झाल्यासारखी छाटणीवर बोलत बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

तेव्हापासून घरात येणारं प्रत्येक माणूस एकच बोलतंय, "सुटले बिचारे." हृदय कमजोर झालेल्या माणसाबद्दल असंच बोलायची पद्धत आहे, त्यांचा दोष नाही. पण मला राग येत होता. तुम्ही काही सुटायला टेकला नव्हता. जिना चढताना धाप लागायची, तेवढं सोडलं तर तुमचं बरं चाललं होतं. टेबलावर प्लास्टिकची अर्धी जीप पडली होती, तिची चाकं बसवायची होती. आणि मी तर मुळीच सुटले नव्हते. तुमच्या त्या वाक्यात मी अडकले होते. काय सांगायचं होतं तुम्हाला? कळलं होतं का? कुणी सांगितलं? आणि कळलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल?

तुम्ही असताना या घरात जे कुणी उच्चारलं नाही ते आता लिहूनच टाकते. भाऊजी, तुमचा तो मधला रणगाडा गुलाबी आहे. वाळूच्या रंगाचा नाही, मातकट नाही, बदामी नाही. बाळाच्या झबल्यासारखा गुलाबी आहे. तो कपाटात बसला त्या दिवसापासून तुम्हाला हे कळू नये म्हणून मी जिवाचं रान केलं. माणसाला दुसरी काळजी नसावी अशी ती काळजी होती, पण होती.

मी मखमलाबादहून या घरात सून म्हणून आले तेव्हा मागची खोली कायम बंद असायची आणि तिच्या दाराखालून थिनरचा वास यायचा. नव्या सुनेला विचारायची सोय नव्हती. मला वाटलं, धाकटा दीर आत काहीतरी भलतंच करतो आणि घरचे झाकून नेतात. शेवटी एकदा चहा द्यायच्या निमित्तानं मी दार ढकललं. टेबलावर दिवा, दिव्याखाली तुम्ही, आणि तुमच्या हातात नेलकटर. खोक्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या चौकटींना शेकडो बारके भाग चिकटलेले, ते तुम्ही एकेक करून तोडत होता, घासत होता, चिकटवत होता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वहिनी, चहा तिकडे ठेवा. ह्याला हात लावू नका, जर्मन आहे, अजून ओला आहे."

मी स्टुलावर बसले ती बसलेच. दिवसभर सातपूरच्या कंपनीत सुटे भाग तपासायचे आणि घरी येऊन सुटे भाग जोडायचे, हा काय माणूस आहे, असं वाटलं. पण महिन्याभरात त्या चौकटींमधून तळहातावर मावेल असा महायुद्धातला रणगाडा उभा राहिला, त्याची तोफ वळायची, झाकणं उघडायची, पट्ट्यातली एकेक कडी वेगळी होती. बघून माझ्या अंगावर काटा आला. तेव्हाच मी पहिल्यांदा तुमच्याशी भांडले. म्हटलं, "माणसं मारायची यंत्रं एवढ्या मायेनं कशाला करायची?" तुम्ही म्हणालात, "माझ्या यंत्रात माणसंच नाहीत, तर मारणार कोण?"

खरंच नव्हती. खोक्यात रणगाड्याबरोबर बारके सैनिक यायचे, कुणी दुर्बीण धरलेला, कुणी बंदूक. तुम्ही ते कधी बसवले नाहीत. सगळे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकून दिलेत. तुमच्या प्रत्येक रणगाड्याची झाकणं उघडी आणि आत कुणी नाही. मी विचारलं, "मग गेले कुठं सगळे?" तर म्हणालात, "चहा प्यायला उतरलेत." पुढं ते आपलं ठरूनच गेलं. नवा रणगाडा झाला की मी विचारायचे, "यांचा चहा झाला का?" आणि तुम्ही म्हणायचात, "आत्ता कुठं टाकलाय." हे भांडण तुम्ही जिंकलंत असं मी अजूनही मानत नाही. युद्धाची गाडी ती युद्धाची गाडी. पण रिकाम्या गाड्यांचं ते कपाट बघून मला बरं वाटायचं, हे मात्र कबूल आहे.

तुम्हाला रंग दिसत नाहीत हे मला टोमॅटोंमुळे कळलं. सासूबाईंनी तुम्हाला लाल टोमॅटो आणायला पाठवलं आणि तुम्ही पिशवीभर हिरवे आणलेत. घरात जो हशा पिकला तो मला नवा होता, पण हसणाऱ्यांना सरावाचा होता. लाल आणि हिरवा तुम्हाला सारखेच. राखाडी आणि गुलाबीही. एकदा राखाडी समजून तुम्ही गुलाबी शर्ट शिवून घेतलात आणि तो घालून महिनाभर कंपनीत गेलात, ही गोष्ट तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. द्वारका चौकातल्या सिग्नलला तुम्ही रंग बघत नसायचात, वरचा दिवा लागला की थांबायचं आणि खालचा लागला की निघायचं, असं पाठ केलं होतंत. त्यावर दादांचा ठरलेला विनोद होता, "सिग्नल कुणी उलटा टांगला तर आमचा श्रीकांत गेला!" सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. पण ताटावरून तुम्ही लवकर उठायचात, हे मी स्वयंपाकघरातून बघितलेलं आहे.

मग सासूबाईंकडून कळलं की तुम्हाला सैन्यात जायचं होतं. धावण्यात पास, लेखी परीक्षेत पास, छातीच्या मापात पास. शेवटी डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पान पुढं धरलं आणि विचारलं, यात आकडा कुठला दिसतो? तुम्हाला आकडाच दिसला नाही. देवळालीहून तुम्ही घरी चालत आलात म्हणे. त्यानंतर काही महिन्यांनी कुणा मस्कतच्या मित्राकडून पहिलं खोकं मागवलंत. ज्या गाडीत बसता येणार नाही ती करून बघावी, एवढंच असेल. तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

पण रणगाडे करणाऱ्या माणसाची पंचाईत अशी की सगळा खेळ हिरव्याचा आणि तपकिरीचा. इथं मी उपयोगी पडले. माझ्या वडिलांच्या मळ्यात गुलाब आणि पालेभाजी, रंगांचं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तुम्ही रंगाच्या डब्या पुढं करायचात आणि मी सांगायचे, हा कढीपत्ता, हा पालक, हा शेपू सुकल्यावर होतो तसा, ही भाजलेली सुपारी. तुम्ही झाकणांवर तीच नावं चिकटवलीत. तुमच्याकडचे जर्मन रणगाडे भाजलेल्या सुपारीचे, अमेरिकन जीपा सुकलेल्या शेपूच्या. एकदा मस्कतच्या मित्रानं फोनवर विचारलं की रशियन गाडीला कुठला हिरवा दिलास, तर तुम्ही बेधडक सांगितलंत, "कढीपत्ता." पलीकडून त्यानं विचारलं, "हा कुठल्या कंपनीचा?"

सुट्टीच्या त्या दुपारी मला फार आवडायच्या, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सासरी नव्या सुनेचं कुणी मत विचारत नाही. तुम्ही विचारायचात, आणि मी सांगेन ते प्रमाण मानायचात. मंदाताईंच्या निफाडच्या शेतातली काळी माती आणून एका रणगाड्याच्या पट्ट्यांना चिखल म्हणून चिकटवलीत, आणि आठवड्याभरात तिच्यातून कोंब फुटला, तेव्हाही तुम्ही मलाच बोलावलंत. मी म्हटलं, "हे तण आहे, उपटा." तुम्ही नाही म्हणालात. औषधाच्या ड्रॉपरनं त्याला पाणी घालत बसलात. मंदाताई म्हणाल्या, "वैनी, आमच्या शेतात लय मेहनत करून नाय उगवत, अन् ह्याच्या रणगाड्यावर उगवतंय!" तुमच्या धाकट्या बहिणीनं आख्ख्या निफाडला ते सांगितलं.

आता त्या दिवसाचं. माझ्या भावाचं लग्न होतं म्हणून मी पंधरवडाभर माहेरी होते. परत आले तर तुम्ही दारातच. "वहिनी, डोळे मिटा आणि चला." मागच्या खोलीत नेऊन म्हणालात, "उघडा." टेबलावर मस्कतहून आलेला तो ब्रिटिश रणगाडा. आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेला, असं तुम्ही आधी सांगितलं होतंत. जोडणी इतकी देखणी की तोवरची सगळ्यात चांगली. आणि रंग गुलाबी. मी नसताना तुम्ही एकट्यानंच रंगवला होतात. तुमचा चेहरा नुसता फुलला होता. म्हणालात, "सांगा, रंग कसा आहे?"

मला तो गुलाबी शर्ट आठवला. ताटावरून उठणारे तुम्ही आठवलात. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अगदी वाळूचा. हुबेहूब."

तुमचं हसू जरा वेळ तसंच राहिलं. मग तुम्ही विचारलंत, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, आणि मग हळूच म्हणालात, "मग झालं." आणि तो उचलून कपाटाच्या मधल्या रांगेत, अगदी मध्यभागी, जिथं कुणाचीही नजर आधी जाईल तिथं नेऊन ठेवलात.

तुम्ही कंपनीत गेल्यावर मी स्वयंपाकघरात सभा भरवली. दादा आणि सासूबाई. मी सांगितलं, "मधल्या रणगाड्याच्या रंगाबद्दल या घरात एक अक्षर निघता कामा नये. ज्याच्या तोंडून गुलाबी शब्द निघेल त्यानं आपलं आपण जेवण करून घ्यावं." सासूबाई म्हणाल्या, "अगं, पण सगळ्यांना दिसतोय की तो!" म्हटलं, "दिसू दे. बोलायचं नाही." दादा हसायला लागले. मी इतक्या रागानं बघितलं की ते हसणं त्यांनी पाण्याबरोबर गिळलं. मला तेव्हा वाटलं होतं, हे आठवडाभर टिकेल. पण झालं असं, की रंगाचा विषय निघाला की दादांना भीती वाटायची, जीभ घसरायची. म्हणून त्यांनी विषयच सोडला. टोमॅटो गेले, शर्ट गेला, द्वारकेचा सिग्नल गेला. या घरात तुमच्या डोळ्यांवरून पुन्हा कुणी हसलं नाही.

पाहुण्यांना मी दारातच गाठायचे. "आत जा, बघा, कौतुक करा, पण मधल्याच्या रंगाबद्दल बोलू नका." लोक माझ्याकडे असे बघायचे की बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना. मंदाताईंचं तर कुजबुजणंही गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. "वैनी, त्यो मधला काय गोड हाय गं! पण मी बोलत नाय हां, बोलत नाय." मी त्यांना ओढून स्वयंपाकघरात न्यायचे. देवळालीच्या कॅम्पातून तुमचे मित्र मेजरसाहेब पहिल्यांदा आले तेव्हाही मी त्यांना दारात अडवलं. तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस, उंचापुरा, कडक. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. "अच्छा," एवढंच म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळानं खोलीतून तुम्हा दोघांचं हसणं ऐकू आलं, असं की थांबेचना. मला वाटलं, सैन्यातला काही किस्सा असेल.

आणि ती मुंबईची स्पर्धा! तुम्ही एकदा जेवताना सहज म्हणालात, "मुंबईला प्रदर्शन आहे, तिथं स्पर्धाही आहे. मधला पाठवावा म्हणतोय." मी हातातला घास ताटात ठेवला. अनोळखी लोक, परीक्षक, सगळे तुमच्यासमोर हसणार. मी म्हटलं, प्रवासात मोडेल. तुम्ही म्हणालात, थर्माकोलचं खोकं केलंय. म्हटलं, दृष्ट लागेल. म्हणालात, रणगाड्याला? म्हटलं, सासूबाईंना बरं वाटत नाहीये. सासूबाई समोर बसून तिसरी भाकरी खात होत्या. मग मी म्हटलं, तो जर्मन पाठवा, तो जास्त रुबाबदार आहे. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "पण वहिनी, त्याचा रंग या मधल्याइतका हुबेहूब नाही ना." आठवडाभर मी नवीन कारणं शोधत होते आणि तुम्ही एकेक खोडून काढत होता. शेवटी माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तुम्ही एकदम म्हणालात, "बरं, राहू दे. घरीच बरा आहे." मी देवापुढं साखर ठेवली.

म्हणून दवाखान्यात तुम्ही मधल्या रणगाड्याचं नाव काढलंत तेव्हा मी घाबरले. मला वाटलं, कुणीतरी सांगितलं. आणि इतकी वर्षं घरच्यांनी, त्यातही ज्या बाईच्या डोळ्यांवर तुम्ही विश्वास ठेवलात तिनं, तुम्हाला दयेनं वागवलं, हे मनात घेऊन हा माणूस चालला. रामकुंडावर दादा विधीला बसले होते आणि मी बाजूला उभी राहून हेच घोकत होते. लोक म्हणत होते, काही इच्छा राहिली नसेल. मी मनात म्हणत होते, इच्छेचं माहीत नाही, बोलणं मात्र राहिलंय.

परवा तेरावं झालं आणि काल संध्याकाळी मेजरसाहेब आले. दादा होते, मी होते. दोन घोट चहा पिऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, एक बात सांगायची राहिली. श्रीकांतनं मला शपथ घातली होती. तो गेला, आता शपथ सुटली, असं मी समजतो. तो मधला टँक आहे ना, तो गुलाबी आहे."

मी म्हटलं, "माहीत आहे हो! त्यांना कळू नये म्हणून तर…"

"अहो, त्याला माहीत होतं."

मी खुर्चीवर बसले. ते म्हणाले, "ऐका तरी. तो गुलाबीच पाहिजे. महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांनी काही गाड्या खरोखर गुलाबी रंगवल्या होत्या. सकाळी-संध्याकाळी वाळूवर जो उजेड पडतो त्यात गुलाबी रंग मिसळून जातो, लांबून गाडी दिसत नाही. श्रीकांतनं कुठल्या तरी मासिकात वाचलं होतं. मेनरोडच्या रंगवाल्याकडे उभा राहून त्यानं पांढऱ्यात लाल घालून मिसळून घेतला, दहा वेळा विचारलं, 'गुलाबीच आहे ना?' त्याच्या डोळ्यांना तो राखाडीच दिसत होता, पण दुकानातल्या पोरानं शपथेवर सांगितलं, गुलाबी. मग घरी येऊन रंगवला आणि तुमची वाट बघत बसला."

"माझी?"

"तुम्ही ओरडाल, 'भाऊजी, हा गुलाबी!' आणि मग तो तुम्हाला वाळवंटाची गोष्ट सांगणार होता. जिंदगीत पहिल्यांदा रंगाच्या बाबतीत तुम्हाला काहीतरी शिकवणार होता. भाषण पाठ केलं होतं त्यानं. आणि तुम्ही काय म्हणालात? वाळूचा. हुबेहूब."

भाऊजी, मला तुमचं ते हसू आठवलं, जरा वेळ तसंच राहिलेलं. आणि "नक्की?" असं विचारणं. मी त्या चेहऱ्याचा केवढा उलटा अर्थ लावला होता.

मी मेजरसाहेबांना म्हटलं, "मग त्यांनी सांगितलं का नाही? इतकी वर्षं मी वेड्यासारखी दारात उभी राहून…"

ते म्हणाले, "मीही त्याला हेच बोललो. त्या पहिल्या दिवशीच, तुम्ही मला दारात अडवलंत ना, त्या दिवशी. म्हटलं, अरे, सांगून टाक बिचारीला. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, 'मेजरसाहेब, लहानपणापासून या घरात माझ्या डोळ्यांवरून हसतात. मीही हसतो. वाईट मनानं नाही हसत कुणी, पण हसतात. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझी बाजू घेऊन धडधडीत खोटं बोललं. आणि तेव्हापासून घर गप्प आहे. आता मी खरं सांगितलं तर वहिनींचा पहारा उठेल. मला तो हवाय. राहू दे की.'"

मग दादा म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी तो सिग्नलचा विनोद गिळला, तो उगाच?" आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. मेजरसाहेबांनी दुसरीकडे बघितलं.

मी आधी चिडले, भाऊजी, खोटं कशाला बोलू. ती मुंबईची स्पर्धा! थर्माकोलचं खोकं! "त्याचा रंग हुबेहूब नाही ना" म्हणताना तुमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. आठवडाभर माझी झोप उडवलीत आणि स्वतः मात्र मजेत भाकरी मोडत बसला होता. भेटलात असतात तर तुमचा कान धरला असता. मग माझं मलाच हसू फुटलं, आणि मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम चालू राहिलं. मेजरसाहेबांना कळेना, पाणी आणावं की चहा.

पण भाऊजी, त्या सगळ्यातून शेवटी जे उरलं ते म्हणजे हुश्श. छातीवरची शिळा उतरल्यासारखं. तुम्ही दयेत जगला नाहीत. कुणी तुम्हाला फसवलं नाही, मी तर नाहीच. उलट तुम्हीच आम्हा सगळ्यांना इतकी वर्षं खेळवलंत, आणि त्यातल्या त्यात मला. दवाखान्यात तुम्ही दुखावलेले नव्हता, गंमत सांगायला निघाला होता, आणि माझा घाबरलेला चेहरा बघून तुम्हाला दया आली असेल, माझी. म्हणालात, चाललंय ते बरं चाललंय. बरं चाललं होतं हो भाऊजी, फारच बरं चाललं होतं. आता कुणी "सुटले बिचारे" म्हणालं तर मी म्हणणार आहे, ते कशाला सुटतील, सुटले ती मी.

तुमचे उपकार मानायचे तर कशाकशाचे मानू? मळ्यातून आलेल्या मुलीच्या डोळ्यांना या घरात किंमत दिलीत. माझं खोटं तुम्ही जपून ठेवलंत. आपल्या सगळ्यात चांगल्या कामाचं कौतुक चुकीच्या कारणानं होतंय हे माहीत असून ते तुम्ही घेतलंत, कारण त्यामागं काय आहे ते तुम्हाला दिसत होतं. डॉक्टरला त्या ठिपक्यांच्या पानावर तुमचे डोळे नापास वाटले असतील. मला नाहीत वाटत.

एकाच गोष्टीची रुखरुख लागली आहे. तुम्ही भाषण पाठ केलं होतं. मेजरसाहेबांनी गोष्ट सांगितली, पण ती त्यांच्या शब्दांत. तुम्ही कशी सुरुवात केली असती? खुर्ची ओढून बसला असता, की कपाटापाशी उभे राहून तोफ वळवत सांगितलं असतंत? वाळूवरचा उजेड तुम्ही कसा सांगितला असता, ज्या उजेडाचा रंग तुम्हाला दिसणारच नव्हता? माझ्या एका वाक्यानं ते सगळं तुमच्या पोटातच राहिलं.

म्हणून आज दुपारी घर रिकामं असताना मी मागच्या खोलीत गेले. कपाटाची काच सरकवली. तो रणगाडा दोन्ही हातांत धरून तुमच्या टेबलावर, दिव्याखाली ठेवला. डोळे मिटले, उघडले. आणि त्या दिवशी म्हणायला हवं होतं ते मोठ्यांदा, शेजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हटलं.

"अगंबाई! भाऊजी, हा गुलाबी? असा कसा हो रंगवलात?"

मी स्टुलावर बसले आहे. सांगा.